फ्लेमिंगो उडाले, रील व्हायरल झाली, पण पक्ष्यांचं काय? ठाणे खाडीत पक्ष्यांचे फोटो काढताना काय पाळायचं

हिवाळा सुरू झाला की कळवा, ठाणे, ऐरोलीकडच्या लोकांच्या मोबाइलवर एक रील हमखास येते. खाडीत दूरवर गुलाबी पट्टा दिसतो. होडी त्याच्या दिशेने जाते. पट्टा आधी थोडा सरकतो, मग अख्खा थवा एकदम हवेत उठतो. लाल-काळे पंख, मागे टॉवर, स्लो मोशन आणि एखादं गाजलेलं गाणं. खाली कमेंट असते, 'हे आपल्या ठाण्यात? भारीच!'

भारी आहेच. पण तोच व्हिडिओ पुन्हा पाहिला तर प्रश्न पडतो. मान खाली घालून निवांत खाणारे शेकडो पक्षी अचानक उडाले कशामुळे?

बऱ्याचदा त्याचं उत्तर होडीतच असतं. पंख उघडल्याशिवाय फ्लेमिंगोचा खरा रंग दिसत नाही, म्हणून होडी जवळ नेली जाते, टाळ्या वाजवल्या जातात, कधी खडा भिरकावला जातो. फोटो मिळतो. त्याची किंमत मात्र पक्षी मोजतात.

हाती चांगला कॅमेरा असलेला मोबाइल आल्यापासून पक्ष्यांचे फोटो काढणं हा मोजक्या लोकांचा छंद राहिलेला नाही. त्यामुळे हे फोटो कसे काढावेत आणि कुठे थांबावं, हे सगळ्यांनाच माहीत असायला हवं.

फ्लेमिंगो ठाणे खाडीत कशासाठी येतात?

फ्लेमिंगोला मराठीत रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. ठाणे खाडीत त्यांच्या दोन जाती दिसतात. मोठा रोहित उंच आणि फिकट असतो, त्याची चोच गुलाबी आणि टोक काळं असतं. छोटा रोहित त्याच्यापेक्षा बुटका आणि जास्त गुलाबी, त्याची चोच गडद लालसर असते. खाडीत मोठे थवे दिसतात ते मुख्यतः या छोट्या रोहितांचे.

हे पक्षी इथे घरटी करत नाहीत. भारतातली त्यांची वीण मुख्यतः गुजरातमध्ये, कच्छच्या रणात होते. साधारण नोव्हेंबरपासून ते मुंबई-ठाण्याकडे यायला लागतात आणि मे-जूनपर्यंत मुक्काम करतात. १९९० च्या दशकापासून त्यांची संख्या वाढत गेली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या, गणनेत या परिसरातल्या फ्लेमिंगोंचा आकडा एक लाखाच्या पुढे गेलेला आहे.

येण्याचं कारण साधं आहे, खाणं. ओहोटीला खाडीचं पाणी मागे हटतं आणि चिखलाची मैदानं उघडी पडतात. या चिखलात सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव असतात. फ्लेमिंगो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीतल्या बारीक जाळीत अडकलेलं अन्न खातो. त्याचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो.

ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य सरकारने ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा सुमारे १६९० हेक्टरचा भाग 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून जाहीर केला. त्यात सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन आहे, बाकी पाण्याचा भाग. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचं हे महाराष्ट्रातलं तिसरं रामसर स्थळ.

कळवा या खाडीच्या वरच्या, अरुंद टोकाला आहे. रोज पुलावरून किंवा लोकलमधून खाडी ओलांडणाऱ्याला बगळे, पाणकावळे, घारी, खंड्या सहज दिसतात. मोठे गुलाबी थवे पाहायचे तर खाडीच्या कडेने खाली, ऐरोलीकडे जावं लागतं.

थवा एकदा उडवला तर इतकं काय बिघडतं?

'उडाले आणि पुन्हा बसले, त्यात काय?' असं अनेकांना वाटतं. इथे भरती-ओहोटीचं घड्याळ समजून घ्यावं लागतं.

ओहोटी साधारण साडेबारा तासांनी येते, म्हणजे दिवसभरात दोनदा. तिच्या आगेमागे काही तासच चिखल उघडा असतो. भरती आली की जेवणाचं ताट पाण्याखाली जातं. मग हे पक्षी आसपासच्या पाणथळ जागांवर जाऊन विश्रांती घेतात आणि पुढच्या ओहोटीची वाट पाहतात.

समजा, एका ओहोटीत खाण्यासाठी चार तास मिळाले. त्या वेळात पाच होड्या आल्या आणि प्रत्येकीने थवा एकदा उडवला. उडणं, फेरी मारणं, दुसरीकडे उतरणं, धोका गेला का ते मान वर करून पाहणं आणि मग पुन्हा खायला लागणं, यात प्रत्येक वेळी दहा मिनिटं गेली असं धरू. पन्नास मिनिटं गेली. म्हणजे जेवणाच्या वेळेतला पाचवा हिस्सा संपला. शिवाय उडण्यात ताकद गेली ती वेगळी. फ्लेमिंगोला जागेवरून थेट उडता येत नाही. पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो, त्यात बरीच शक्ती लागते.

होडीतल्या प्रत्येकाला वाटतं की आपण एकदाच उडवलं. पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर तो दिवसभर उडवला जात असतो. उन्हाळ्याच्या शेवटी हेच पक्षी शेकडो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासाला निघतात. त्यासाठी अंगात चरबी साठवावी लागते, आणि ती याच चिखलातून मिळते.

खरं नुकसान तर बांधकामं आणि सांडपाण्याने होतं ना?

हा प्रश्न अशा चर्चेत नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पाणथळ जागांवर पडणारा भराव, कांदळवनाची तोड, खाडीत येणारा कचरा यांच्यापुढे एका मोबाइलवाल्याचा त्रास किरकोळ आहे. पक्ष्यांसाठी सर्वांत मोठा धोका जागा जाण्याचाच आहे.

पण म्हणूनच उरलेल्या जागेतलं खाणं आणि विश्रांती जास्त मोलाची ठरते. पूर्वी एका ठिकाणाहून उठवलेला थवा बाजूच्या दुसऱ्या पाणथळीवर जाऊ शकत होता. आता तशा जागाच कमी होत चालल्या आहेत. भराव थांबवणं सरकार, न्यायालय आणि चळवळींच्या हातात आहे. होडी थांबवणं मात्र होडीत बसलेल्याच्या हातात आहे.

पक्षी अस्वस्थ झालाय हे कसं ओळखायचं?

'पक्ष्यापासून किती फूट लांब राहायचं?' याचं एकच उत्तर नाही. इमारतीच्या कंपाउंडवरचं कबुतर तीन फुटांवरही हलत नाही. त्याच खाडीतला एखादा स्थलांतरित पक्षी शंभर फुटांवरून उडतो. त्यामुळे अंतरापेक्षा पक्ष्याच्या वागण्याकडे बघणं सोपं पडतं.

फ्लेमिंगोंच्या थव्यात आधी काही माना वर होतात. मग बऱ्याच माना वर होतात आणि खाणं थांबतं. त्यानंतर थवा एका दिशेने चालू लागतो, जणू कवायत चालली आहे. चौथी पायरी उडण्याची. अनेक लोक तिसऱ्या पायरीला 'किती सुंदर चालतायत' म्हणत आणखी पुढे जातात. खरं तर पहिल्याच पायरीला थांबायला हवं.

बगळा खाणं सोडून ताठ उभा राहिला, टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, एखादा छोटा पक्षी चोचीत अळी धरून एकाच फांदीवर अस्वस्थपणे इकडेतिकडे बघत बसला, तर अर्थ तोच आहे. पक्ष्याने तुम्हाला पाहिलंय आणि तुमच्यामुळे त्याचं काम अडलंय. टिटवी जमिनीवर अंडी घालते. ती ओरडत असेल तर पायाखाली बघत, आल्या वाटेने मागे फिरणं उत्तम. तिची अंडी दगडांसारखीच दिसतात, शोधायला गेलं तर पाय त्यांच्यावरच पडू शकतो.

थोडक्यात कसोटी अशी, तुम्ही येण्याआधी पक्षी जे करत होता तेच तो तुम्ही गेल्यावरही करत राहिला, तर तुमचं बरोबर चाललंय.

मग चांगला फोटो मिळणार कसा?

मिळतो. फक्त पक्ष्याचा पाठलाग करण्याऐवजी वेळेचा अभ्यास करावा लागतो.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची वेळ. ती इंटरनेटवर कुठल्याही टाइड चार्टमध्ये सापडते. भरती चढू लागली की पाण्याबरोबर पक्षीही किनाऱ्याकडे सरकतात आणि विश्रांतीच्या जागेकडे आपणहून उडतात. उडत्या थव्याचा फोटो हवा असेल तर ही वेळ गाठावी. कोणी न उडवताच पंख उघडलेले दिसतात.

दुसरी गोष्ट उजेड. कळवा, ऐरोली हा खाडीचा पूर्वेकडचा काठ. इथून सकाळी पश्चिमेला पाहिलं की सूर्य पाठीमागे असतो आणि पक्ष्यांवर समोरून उजेड पडतो, रंग खुलतात. संध्याकाळी इथून सूर्य समोर येतो. तेव्हा रंग मिळत नाहीत, पण काळ्या आकृत्यांचे फोटो छान येतात.

तिसरी गोष्ट होडी. ऐरोलीला पुलाजवळ वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. कळवा नाक्यावरून विटावा, दिघा करत तिथे पोहोचता येतं. हंगामात तिथून फ्लेमिंगो पाहण्यासाठी होडीची फेरी निघते. तिची वेळ भरती-ओहोटीनुसार ठरते, त्यामुळे आधी चौकशी करून जावं. होडीत बसल्यावर 'दादा, अजून थोडं जवळ घ्या ना' हा आग्रह मात्र टाळायचा. प्रवासी खूश व्हावेत म्हणून चालक होडी पुढे घेतो. त्याच प्रवाशांनी 'इथूनच ठीक आहे' म्हटलं तर त्याचंही काम सोपं होतं.

चौथी गोष्ट हालचाल. पक्ष्याच्या अंगावर सरळ चालत गेलं तर तो लवकर उडतो. एका जागी बसून राहिलं तर अनेकदा पक्षी स्वतःच जवळ येतो. भडक कपडे, मोठा आवाज, अचानक उभं राहणं टाळलं की अर्धं काम होतं.

झूम कमी पडत असेल तर फोटो नंतर कापता येतो, किंवा दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून फोटो काढता येतो. नाहीतर पक्षी छोटा आणि परिसर मोठा असा फोटो काढायचा. पुढे कांदळवन, मध्ये गुलाबी रेघ, मागे टॉवर, या चौकटीत ठाणे खाडीची खरी गोष्ट येते. चोचीच्या क्लोजअपमध्ये ती येत नाही.

फोटोसाठी कांदळवनात किंवा चिखलात उतरणं मात्र पूर्ण टाळावं. त्यात झाडांची श्वसनमुळं तुडवली जातात. आणि खाडीचा चिखल फसवा असतो, वरून घट्ट वाटतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत रुततो. त्यात भरती चढू लागली तर जिवावर बेतू शकतं.

घरटं दिसलं तर?

पक्ष्यांच्या फोटोंमध्ये सर्वांत जास्त नुकसान घरट्याच्या फोटोने होतं, कारण तिथून पक्षी पळून जाऊ शकत नाही. गेला तर अंडी आणि पिल्लं मागे राहतात.

पावसाळ्यातला तिबोटी खंड्या हे याचं ठळक उदाहरण. निळा, जांभळा, केशरी असा हा चिमुकला पक्षी जूनपासून कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला विणीसाठी येतो. पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य त्यासाठी प्रसिद्ध आहे. तो ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. बेडूक, पाल, खेकडा पकडून तो पिल्लांसाठी आणतो. चोचीत भक्ष्य धरून फांदीवर बसलेल्या तिबोटी खंड्याचे शेकडो सुंदर फोटो इंटरनेटवर आहेत.

पण तो पक्षी तिथे बराच वेळ का बसलाय? आत जायची हिंमत होत नसेल तर? बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग असेल तर तो भक्ष्य घेऊन ताटकळत राहतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात. काही जण तर चांगला फोटो मिळावा म्हणून बिळासमोर स्वतः काटकी रोवतात, आजूबाजूचं गवत कापतात. त्यामुळे बीळ उघडं पडतं आणि सापाला, मुंगसाला, कावळ्याला आयता पत्ता मिळतो.

हे दूरच्या जंगलातच होतं असं नाही. कळव्यात, खारेगावात, डोंबिवलीत अनेकांच्या खिडकीच्या ग्रिलवर किंवा बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुल, शिंजीर घरटं बांधतात. घरात कौतुक सुरू होतं. कोणी फांदी बाजूला करून फोटो काढतं, कोणी मोबाइल थेट घरट्यावर धरतं, कोणी पिल्लाला बोटाने डिवचतं. प्रत्येक वेळी आई-बाप उडून जातात. अंडी थंड पडतात किंवा उन्हात तापतात, आणि ही ये-जा कावळा शेजारच्या एसीवर बसून बघत असतो.

बुलबुलाचं सगळं कुटुंबकार्य साधारण महिनाभरात आटोपतं. तेवढे दिवस ती खिडकी बंद ठेवायची, कुंडी हलवायची नाही, झाडाला पाणी लांबून घालायचं. हवं तर घरातून, काचेआडून, पक्ष्याला कळणार नाही असं पाहायचं. घरट्याचा फोटो पोस्ट करायचाच असेल तर पिल्लं उडून गेल्यावर रिकाम्या घरट्याचा करावा.

भारतातल्या काही वन्यजीव छायाचित्र स्पर्धा घरट्याचे फोटो स्वीकारत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार काही दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास देणं हा गुन्हा आहे. त्रास होण्याची शक्यता असेल तर फोटोसाठीही परवाना लागतो.

फरसाण, रेकॉर्ड केलेली शीळ, फ्लॅश आणि ड्रोन

पक्षी जवळ यावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या युक्त्याही तपासून पाहायला हव्यात.

*फरसाण टाकणं.* हिवाळ्यात कुरव, म्हणजे सीगल, मोठ्या संख्येने आपल्या किनाऱ्यावर येतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर गाठिया, शेव, वेफर्स हवेत उडवून त्यांचे फोटो काढणं हा जणू कार्यक्रमच झाला आहे. या पक्ष्यांचं नैसर्गिक खाणं मासे, खेकडे, किडे हे आहे. तळलेलं, खारट फरसाण त्यांच्यासाठी योग्य नाही. माणूस दिसला की खाणं मिळतं ही सवयही त्यांना महागात पडते.

*आवाज वाजवणं.* मोबाइलवर एखाद्या पक्ष्याची शीळ वाजवली की तो पक्षी समोर येतो. तो आनंदाने येत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून त्याला हुसकावायला येतो. प्रत्यक्षात तिथे कोणी नसतं. विणीच्या काळात त्याचा वेळ आणि ताकद या खोट्या भांडणात जाते, तोवर घरटं एकटं राहतं. ज्या जागी रोज पक्षीनिरीक्षक येतात, तिथे हे दिवसातून कितीतरी वेळा घडू शकतं.

*फ्लॅश.* घुबड, रातवा, रातबगळा या पक्ष्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. अचानक फ्लॅश किंवा टॉर्चचा झोत पडला तर ते काही काळ दिपतात. त्या अवस्थेत उडालेला पक्षी तारेला किंवा भिंतीला धडकू शकतो. सोसायटीच्या झाडावर गव्हाणी घुबड दिसलं तर पाच-सहा टॉर्च एकदम मारणं टाळायलाच हवं.

*ड्रोन.* वरून येणारी, आवाज करणारी वस्तू पक्ष्यांना शिकारी पक्ष्यासारखी वाटते, त्यामुळे ड्रोनने अख्खा थवा उधळतो. अभयारण्यावर परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर कारवाई होऊ शकते.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार 'शिकार' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. बंदूक चालवणं किंवा सापळा लावणं एवढ्यापुरती ती मर्यादित नाही. पक्ष्यांची अंडी खराब करणं, तसंच त्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हेसुद्धा त्या व्याख्येत येतं. म्हणजे फोटोसाठी संरक्षित पक्ष्याच्या घरट्याशी छेडछाड करणारा माणूस कायद्याच्या नजरेत शिकारीच्या कलमात अडकू शकतो. आपल्याकडचे बहुतेक रानपक्षी या कायद्याच्या अनुसूचींमध्ये आहेत.

अभयारण्याच्या हद्दीत नियम आणखी कडक आहेत. कलम २७ नुसार तिथे प्राण्या-पक्ष्यांना छेडणं, त्रास देणं आणि कचरा टाकणं याला मनाई आहे. कलम २८ मध्ये अभयारण्यात जाण्याची परवानगी कोणत्या कारणांसाठी मिळू शकते हे दिलं आहे. त्यात छायाचित्रण आहे, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिथे स्पष्ट अट आहे, अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर वाईट परिणाम न होऊ देता.

याच दुरुस्तीने दंडही वाढवला. कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनाला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसंबंधीचे गुन्हे आणि अभयारण्यातली शिकार यांना किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे.

कुठे पक्ष्यांना त्रास दिला जात असेल, किंवा जखमी पक्षी सापडला, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवता येतं. जमिनीवर दिसलेलं प्रत्येक पिल्लू मात्र अनाथ नसतं. उडायला शिकताना पिल्लं खाली बसतातच आणि आई-बाप जवळपास असतात. पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर कुत्र्या-मांजरांपासून लांब, जवळच्या झुडपावर ठेवायचं आणि दूर व्हायचं. त्याला हातात धरून 'रेस्क्यू' रील करण्याची गरज नसते.

'लोकेशन द्या ना' या कमेंटचं काय करायचं?

फोटो काढताना सगळं नीट पाळलं, तरी एक चूक घरी आल्यावर होते. अचूक लोकेशन टाकण्याची.

ठाणे खाडीत फ्लेमिंगो आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, ते लपवायची गरज नाही. पण घुबडाची ढोली, शिकारी पक्ष्याचं घरटं, तिबोटी खंड्याचं बीळ किंवा एखादा दुर्मीळ पाहुणा पक्षी यांचं अचूक ठिकाण एका ग्रुपवर पडलं की दोन दिवसांत तिथे गर्दी होते. घुबडांची तस्करीही होते, विशेषतः दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी. म्हणजे लोकेशन वाचणारा प्रत्येक जण फोटोसाठीच येईल याची खात्री नाही.

त्यावर उपाय सोपा आहे. ठिकाण 'ठाणे जिल्हा' इतकंच ठेवायचं आणि पोस्ट काही दिवसांनी टाकायची. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहते. असा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती नोंदही समोरच्याला मिळू शकते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते.

शास्त्रीय नोंदीसाठी मात्र ठिकाण महत्त्वाचं असतं. त्यासाठी ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट ही संकेतस्थळं आहेत. तिथे संवेदनशील जातींची अचूक जागा सर्वसामान्यांना दिसू नये याची सोय केलेली आहे. नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते आणि पक्ष्याभोवती गर्दीही होत नाही.

फोटो काढणं चुकीचं आहे का?

अजिबात नाही. ठाणे खाडीबद्दल लोकांना आपुलकी वाटू लागली त्यात फोटोंचा मोठा वाटा आहे. ज्या खाडीकडे एके काळी लोक नाक दाबून बघायचे, तिथे आज मुलांना घेऊन पक्षी दाखवायला जातात. कुठे कोणता पक्षी कधी दिसला, पायातल्या कडीवर कोणता क्रमांक होता, कुठे भराव पडतोय, याचे पुरावे सामान्य लोकांच्या फोटोंतूनही मिळतात.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अली यांचा. नेमके याच सुमारास फ्लेमिंगो खाडीत यायला लागतात. या हंगामात पक्ष्यांचा फोटो किंवा रील पोस्ट करण्याआधी, आणि दुसऱ्याची शेअर करण्याआधीही, पाच प्रश्न विचारून पाहता येतील.

१. या फोटोसाठी पक्ष्याला खाणं, विश्रांती किंवा पिल्लं सोडून उडावं लागलं का?

२. यात घरटं, अंडी किंवा न उडणारी पिल्लं दिसतायत का?

३. पक्ष्याला खाणं टाकून, आवाज वाजवून किंवा झोत मारून जवळ आणलंय का?

४. फोटोवरून किंवा टॅगवरून नेमकी जागा कळते का, आणि कळली तर पक्ष्याला धोका आहे का?

५. हीच गोष्ट उद्या आणखी शंभर जणांनी केली तर पक्षी तिथे राहील का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. व्हायरल रील पाहून पुढचे शंभर जण तेच करतात. थवा उडवणाऱ्या रीलला मिळणारा प्रत्येक लाइक पुढच्या होडीला पुढे जायला सांगतो. उलट चिखलात मान खाली घालून निवांत खाणाऱ्या फ्लेमिंगोंच्या रीलखाली 'भारीच' लिहिलं, तर पुढच्या वेळी लोक तसाच फोटो काढायला जातील. आणि ते गेले तेव्हा फ्लेमिंगो तिथे खात असतील.